चौथा महिना कोणाचा?

तिसऱ्या महिन्यात चोरओटी, सातव्यात डोहाळजेवण. मधला चौथा मात्र आपल्या रीतीभातीत पोरकाच! बँकेच्या वसुलीसाठी महाड-पोलादपूरच्या वाड्या पालथ्या घालताना पाहिलेली एक सून आठवते. उलट्या थांबल्या, तोंडाला चव आली, तशी तिच्या डोईवर पुन्हा हंडा-कळशी आली. ‘आता बरी आहे की ती,’ सासूबाई म्हणाल्या. डोहाळजेवणाला पाटावर बसली तेव्हा तिची नखे पांढरीफटक होती.

या दिवसांत रक्तातले पाणी वाढते, बाळाची मागणीही वाढते. लोह अपुरे पडते. हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले की तो पंडुरोगच. म्हणून चौथ्यापासून रोज लोहाची गोळी, निदान 180 दिवस. चहाबरोबर मात्र नको. शौचाला काळे झाले तर घाबरू नये.

2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत चौथ्या महिन्यापासूनच्या गर्भवतींची मोफत तपासणी होते. वाडीवरून उतरायचे, एसटी गाठायची, रोजगार बुडवायचा, हे सोपे नाही, ठाऊक आहे. पण कर्जाच्या हप्त्याची तारीख न चुकवणारे सासरे मी याच खोऱ्यात पाहिले आहेत. त्यांनी ही 9 तारीखही वहीत लिहावी, आणि सुनेसोबत मुलाला धाडावे.