सही ठोकण्यापूर्वी

19 जुलै 2024 रोजी आपल्याकडच्या काही विमानतळांवर प्रवाशांच्या हाती चक्क पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. क्राउडस्ट्राइक कंपनीची एक सदोष दुरुस्ती जगभर गेली आणि सुमारे 85 लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले. चूक लहानशीच, पण ती संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे ‘कर्नल’मध्ये शिरली होती. (लष्करातल्या कर्नलशी याचे नाते नाही, मलाही आधी तसेच वाटले होते.) गाभा अडखळला की सारे यंत्रच आडवे होते.

आमच्या बँकेत कारकून व्हाउचर लिही आणि अधिकारी ते तपासून पास करी. धुळ्याच्या शाखेत असताना एका मार्चअखेरीस मी गठ्ठाभर व्हाउचरांवर न पाहताच सह्या ठोकल्या. एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले. हिशेब मात्र पैशापैशाने जुळला! कापसाचे पैसे काढायला आलेला शेतकरी काउंटरवर उभा राहिला, तेव्हा कळले.

माझा पुतण्या पुण्यात ग्राफिक्स ड्रायव्हरचे काम करतो. जळगावात ड्रायव्हर म्हटले की केळीचा ट्रक डोळ्यांपुढे येतो. हा ड्रायव्हर म्हणजे गाभा आणि पडद्यावर चित्र उमटवणारे कार्ड यांच्यातला दुभाषा. लिनक्समध्ये असा बदल दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून जावा लागतो आणि लिहिणाऱ्याचे, तपासणाऱ्याचे नाव त्याला कायमचे चिकटते.

2016 साली एएमडी या बड्या कंपनीने सुमारे 1 लाख ओळींचा ड्रायव्हर पुढे केला. विंडोज आणि लिनक्स, दोन्हीकडे तोच चालावा म्हणून मध्ये एक थर घातलेला. ग्राफिक्स विभाग सांभाळणाऱ्या डेव्ह एअरली यांनी डिसेंबरात साफ नकार दिला. उद्या कंपनीने अंग काढून घेतले, तर हे ओझे वाहायचे कोणी? कंपनीच्या माणसांना ते झोंबले. पण कोड पुष्कळ घासूनपुसून झाला आणि जानेवारी 2018 च्या 4.15 आवृत्तीतून बाहेर पडला.

मला हा नकार फार आवडला. मोठ्या खातेदाराला ‘नाही’ म्हणणारे मॅनेजर मी तीस वर्षांत दोनच पाहिले. लिहिणाऱ्याला बढती मिळते. वाचून अडवणाऱ्याला शिव्या. आता तर यंत्रेही कोड लिहू लागली आहेत, वाचणाऱ्यांची संख्या मात्र त्या वेगाने वाढत नाही.

दिवाळीत पुतण्या घरी आला तो वैतागूनच. त्याचा बदल तिसऱ्यांदा परत आला होता. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, त्याच्या साहेबांना काहीतरी सांगा हो!”

मी भरिताची वांगी भाजत होतो. म्हटले, “परत का आलं, ते आधी वाच.”