स्वमग्नता वयाबरोबर संपत नाही



‘स्वमग्नता हा लहान मुलांचा विषय’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. माझा स्वमग्न भाऊ आता पन्नाशीचा आहे. गुडघे दुखले की तो सांगत नाही, येरझाऱ्या वाढवतो. दवाखान्यातला झगझगीत उजेड, गोंगाट त्याला सोसत नाही. तिथे त्याला ‘हट्टी’ ठरवले गेले. आमच्या गावाजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आकाशातले क्षीण संकेत टिपतात, म्हणून परिसरात रेडिओ-गोंगाट टाळतात. माणसासाठी एवढे जमू नये? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, उपचारांत प्राधान्यही आहे. वयाची अट नाही. किमान अशा रुग्णांना रांगेबाहेर, शांत खोलीत तपासा.

– एक वाचक, खोडद (ता. जुन्नर)