गप्प बसण्याचा हुकूम नेमका कोणाचा?



गेल्या महिन्यात वस्तीतल्या अभ्यास वर्गात एका तरुणाने मोबाइलवर आलेला मजकूर मोठ्या उत्साहाने वाचून दाखवला. येशू तरुणपणी लडाखला आला, बौद्ध विहारात शिकला आणि तेच ज्ञान घेऊन परत गेला, असा त्याचा सारांश. टाळ्या पडल्या. मी विचारले, पुरावा? उत्तर आले, "ताई, हेमिसच्या विहारात ग्रंथ आहे ना!"

त्या ग्रंथाची गोष्ट आधी सांगते. १८९४ साली निकोलस नोतोविच या रशियन माणसाने पुस्तक छापून हा दावा केला. त्याच वर्षी माक्स म्युलरने त्यावर गंभीर शंका घेतली. १८९५ मध्ये आग्र्याचे प्राध्यापक डग्लस स्वतः हेमिसला गेले. तिथल्या प्रमुख लामांनी असा ग्रंथ विहारात नाही, असे स्पष्ट सांगितले. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी उघडी पडलेली थाप आपण आजही पुढे ढकलतो आहोत. का? तर ती आपल्याला सुखावते म्हणून. मनुस्मृतीला पुरावा मागणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीच्या गोष्टीला पुरावा मागू नये, हे कसले चिकित्सक मन?

ख्रिस्ती धर्मग्रंथाची खरी चिकित्सा शिकण्यासारखी आहे. ती मुख्यतः धर्माच्या शत्रूंनी केली नाही, त्याच घरात वाढलेल्या माणसांनी केली. १८३५ मध्ये डेव्हिड स्ट्राउस या जर्मन अभ्यासकाने येशूच्या चरित्रातले चमत्कार म्हणजे इतिहास नव्हे, श्रद्धेतून घडलेल्या कथा आहेत, असे मांडले. त्याची ट्यूबिंगेनची नोकरी गेली. १८३९ मध्ये झुरिचने त्याला प्राध्यापकपद देऊ केले, पण लोकांचा विरोध इतका झाला की रुजू होण्याआधीच त्याला निवृत्तिवेतन देऊन घरी बसवले. घरातल्या ग्रंथाला प्रश्न विचारायची ही किंमत होती.

या चिकित्सेचे एकच उदाहरण घेऊ. आपल्या भगिनींनी ते जरूर वाचावे.

करिंथकरांस लिहिलेले पौलाचे पहिले पत्र इसवी सनाच्या पन्नाशीतले मानले जाते. त्याच्या अकराव्या अध्यायात स्त्रिया सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात, हे गृहीत धरले आहे. वाद आहे तो फक्त डोके झाकण्याचा. चौदाव्या अध्यायात मात्र दोन वचने अचानक सांगतात की स्त्रियांनी सभेत बोलू नये, काही विचारायचे असेल तर घरी नवऱ्याला विचारावे. एकच माणूस एकाच पत्रात दोन्ही कसे लिहील? पौलाच्या हातचे मूळ पत्र उरलेले नाही, नकलाच आहेत. त्यांतल्या काही नकलांमध्ये ही दोन वचने वेगळ्या जागी, अध्यायाच्या शेवटी येतात. म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की कोणीतरी समासात लिहिलेला मजकूर पुढे पत्रातच शिरला असावा. अर्थात, ही वचने अजिबात नसलेली नक्कल सापडलेली नाही. त्यामुळे वाद संपलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

दुसरे, तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र. त्यात स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, असे बजावले आहे. वर नाव पौलाचे. पण शब्दसंग्रह वेगळा, आणि मंडळीतल्या पदांची घडीही नंतरच्या काळातली वाटते. आज बहुसंख्य चिकित्सक अभ्यासक ते पौलाचे मानत नाहीत.

तिसरे उदाहरण सर्वात बोलके आहे. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल युनिया नावाच्या व्यक्तीचा प्रेषितांच्या संदर्भात गौरवाने उल्लेख करतो. चौथ्या शतकात जन्मलेला धर्मगुरू ख्रिसोस्तोम तिला स्त्रीच समजत होता, प्रेषित म्हणून तिची स्तुती करत होता. पण पुढे स्त्री प्रेषित कशी असेल, म्हणून तिचा पुरुष केला गेला, 'युनियास'. गंमत म्हणजे युनिया हे बायकांचे नाव रोमच्या शिलालेखांत अडीचशेहून अधिक वेळा सापडते, युनियास हे पुरुषाचे नाव एकदाही नाही! अभ्यासकांच्या प्रमाण ग्रीक आवृत्तीतही १९२७ पासून हा पुरुष ठाण मांडून होता. १९९८ च्या फेरमुद्रणात युनिया पुन्हा बाई झाली. म्हणजे चिकित्सा करणारे पंडितही पितृसत्तेतून सुटलेले नव्हते.

समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला यात एक ओळखीची प्रक्रिया दिसते. चळवळ घराघरांत चालते तेव्हा स्त्रिया पुढे असतात. चळवळीची संस्था होते, पदे येतात, प्रतिष्ठा हवी होते, तेव्हा स्त्रियांना मागे ढकलले जाते आणि तो हुकूम संस्थापकाच्या नावावर खपवला जातो.

बाबासाहेबांनी हेच आपल्या घरात केले. १९५१ मध्ये 'महाबोधि' नियतकालिकात हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लिहिताना त्यांनी महापरिनिब्बान सुत्तातला स्त्रियांकडे पाहूही नये हा उपदेश तपासला. विशाखेशी, आम्रपालीशी बुद्धांचे वागणे आणि स्त्रियांची बाजू मांडणारा आनंद यांच्याशी तो जुळत नाही. तो भिक्खूंनी नंतर घुसडला, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्यांचा धम्म ते पाच वर्षांनी स्वीकारणार होते, त्यांच्याच ग्रंथाला त्यांनी प्रश्न विचारला.

पण इथे एक खड्डा आहे. आवडले ते मूळ आणि नावडले ते घुसडलेले, अशी सवय लागली तर ती चिकित्सा उरत नाही. फिलेमोनाला लिहिलेले पत्र पौलाचेच आहे. त्यात तो गुलाम अनेसिमाला भावासारखा वागव म्हणतो, पण गुलामगिरी संपवा असे कुठेही म्हणत नाही. ते कसे पुसणार? म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा. हे कोणी लिहिले, हा इतिहासाचा प्रश्न. हे मी मानावे का, हा नीतीचा.

हा फरक एका निरक्षर बाईला कळला होता. कृष्णवर्णीय विचारवंत हॉवर्ड थर्मन यांची आजी गुलामीत जन्मली होती. नातू तिला बायबल वाचून दाखवी, पण ती त्याला पौलाची पत्रे वाचू देत नसे, प्रेमावरचा एक अध्याय काय तो अपवाद. कारण मालकाचा पाद्री गुलामांनी आज्ञेत राहावे हेच पौलाच्या नावाने सांगत असे. तिने ठरवले होते की मुक्त झाले, वाचायला शिकले, तर तो भाग कधी वाचणार नाही. आज्ञाधारक गुलामांची वचने असलेली पत्रे पौलाची आहेत की नाहीत, यावर विद्वान आजही वाद घालतात. तिला तो निकाल येईपर्यंत थांबायची गरज वाटली नाही.

आता आपल्याकडे या. आमच्या विहाराच्या समितीत एकही बाई नाही. बुद्धपौर्णिमेची खीर मात्र बायकाच करतात, आणि माइक आला की पुरुष बोलतात. हा हुकूम कुठल्या सुत्तात आहे? कुठेच नाही. तरी तो पाळला जातो. दुसऱ्यांच्या ग्रंथातली घुसखोरी शोधण्याआधी ही आपल्या न लिहिलेल्या ग्रंथातली घुसखोरी खोडू या. येत्या अभ्यास वर्गात भिक्खुणींवर लादलेले आठ गुरुधम्म वाचायचे आहेत. पहिला प्रश्न बाई विचारेल, आणि पुरावा सगळेच मागतील.

जय भीम!