भीती कोणाची होती?



मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आपांकडे बर्मिंगहॅमला गेलो होतो. कोकणातली अनेक मुस्लिम कुटुंबे आता ब्रिटनमध्ये स्थायिक झाली आहेत, आमच्या आपांचे घर त्यांपैकीच एक. भाचा बावीस वर्षांचा, डोंगरांचा शौकीन. आम्ही पोहोचलो त्याच दिवशी त्याने फर्मावले, "मामू, या वेळी तुम्हाला स्नोडनवर नेणार. रेल्वेने नाही, चालत." पंधरा वर्षांच्या भाचीला शाळेची सुट्टी होती, तीही तयार झाली. आपांनी खिम्याच्या चपात्या बांधून दिल्या, खजूर दिले आणि दारात फक्त एवढेच म्हणाल्या, "मुलांना सांभाळून आण."

वेल्सचा हा सर्वांत उंच डोंगर. वेल्श भाषेत त्याचे नाव 'अर विद्वा', आणि भोवतालच्या डोंगराळ मुलखाचे नाव 'एरिरी'. २०२२ साली तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने इंग्रजी नावांऐवजी हीच नावे वापरायचे ठरवले. 'विद्वा' म्हणजे थडगे किंवा त्यावरचा दगडांचा ढीग. एका राक्षसाला तिथे पुरले अशी लोककथा आहे.

उंची ऐकून आम्हाला हसू आले होते. अवघी १०८५ मीटर! आपली कळसूबाई १६४६ मीटर, आणि ती तर आम्ही शाळेच्या मुलांना घेऊन चढलो आहोत. भाच्याला तसे म्हणालोही. तो म्हणाला, "मामू, इथे उंची मोजायची नसते, हवा मोजायची असते." बोलला ते अगदी खरे होते. ते त्याने स्वतःच विसरायला नको होते, आणि आम्हीही.

फजर पढून निघालो आणि सकाळी सातच्या सुमारास 'पेन-अ-पास' नावाच्या घाटमाथ्यावर पोहोचलो. हीच जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंच आहे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील गिर्यारोहकांनी याच परिसरात सराव केला होता. इथून माथ्यावर जायला सोप्या-अवघड अशा वेगवेगळ्या वाटा आहेत. भाच्याच्या मनात सर्वांत अवघड वाट होती. तिला 'घोड्याची नाल' म्हणतात. एका खोल दरीभोवती डोंगरांच्या धारा नालेच्या आकारात उभ्या आहेत. उजवीकडून चढायचे, मध्ये मुख्य शिखर गाठायचे आणि डावीकडच्या 'लिवेद'च्या कड्यांवरून खाली यायचे. अंतर सुमारे बारा किलोमीटर, वेळ सहा ते आठ तास.

अंतर ऐकून घाबरण्यासारखे काही नाही. घाबरवते ती सुरुवातीचीच धार, 'क्रीब गॉख', म्हणजे तांबडा कंगोरा. ९२३ मीटर उंचीची ही धार सुरीच्या पात्यासारखी अरुंद आहे. काही ठिकाणी पायवाट अशी नाहीच, दगडाला हातांनी धरून पाय ठेवत सरकायचे. एका बाजूला लिदाऊ तलावाकडे साडेचारशे मीटरहून अधिक खोली, दुसऱ्या बाजूला घाटरस्त्याची दरी. एकदा धारेवर गेले की मध्येच उतरायला वाट नाही. ब्रिटनमधल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांमध्ये हिची गणना होते, वर्षाला सुमारे साडेचार हजार मिलिमीटर. म्हणजे आमच्या रत्नागिरीपेक्षा जास्त, आणि तोही चार महिन्यांत नव्हे, बारा महिने विभागून. म्हणजे दगड कधी कोरडा मिळेल याचा भरवसा नाही.

तासाभराने एका खिंडीत पोहोचलो. भाचा हसत म्हणाला, "मामू, या खिंडीचं नाव माहीत आहे? बुल्ख अ मॉख. डुकरांची खिंड!" भाचीने नाक मुरडले, आम्ही "तौबा" म्हणालो आणि तिघेही हसलो. ते हसणे तिथेच संपले. या खिंडीत वाट दुभंगते. डावीकडची 'पिग ट्रॅक' नावाची वाट धारेच्या कुशीतून, आडोशाने शिखराकडे जाते. दुसरी सरळ दगडांतून वर, तांबड्या कंगोऱ्यावर.

वर पाहिले तर कंगोरा ढगात बुडाला होता. खिंडीत वारा असा की भाचीने हिजाब जॅकेटच्या टोपीखाली घट्ट कोंबला. हवामानाचा अंदाज भाच्याने आदल्या रात्रीच पाहिला होता, दुपारनंतर माथ्यावर जोराचा वारा. पण दुपार अजून लांब होती.

"आत्ताच चढलो तर दुपारच्या आत धार पार," भाचा म्हणाला. "तासाभराचा प्रश्न आहे, मामू. एवढ्या लांब आलोय."

वाचकहो, त्या क्षणी आमच्या पोटात खड्डा पडला होता. गुडघे थरथरत होते, आणि ते थंडीने नव्हते. पण पंचेचाळिशीचा मास्तर, मुलांचा मामू, कळसूबाईची बढाई मारून आलेला माणूस "भीती वाटते" असे कसे म्हणणार? आम्ही गप्प राहिलो. एवढेच नव्हे, पाठपिशवीचा पट्टा आवळून एक पाऊल त्या दगडांकडे टाकलेही.

भाची जागची हलली नाही. म्हणाली, "मला भीती वाटतेय. मी नाही येणार."

भाचा चिडला. "तू घरीच राहायला हवं होतंस." आणि आम्ही काय केले? मोठ्या समजूतदारपणाचा आव आणून म्हणालो, "बेटा, मुलगी घाबरली आहे. तिला एकटी कशी सोडायची? आपण डावीकडून जाऊ." आमची स्वतःची भीती आम्ही त्या पोरीच्या नावावर खपवली. ती आमच्याकडे एकदा पाहून खाली बघू लागली.

पिग ट्रॅकने निघालो. भाचा वीस पावले पुढे, एक शब्द न बोलता. ही वाटही काही बागेतली नव्हे, दगडांच्या पायऱ्या, मध्येच निसरडे खडक. पण आडोसा होता. खाली लिदाऊ, मग ग्लासलिन तलाव. ग्लासलिनचे पाणी हिरवट निळे दिसते, कारण त्या डोंगरात तांबे आहे. शिखराजवळच्या खांद्यावर चढलो तेव्हा वाऱ्याने आम्हाला एक पाऊल मागे ढकलले. खाली वाकून, एकमेकांना धरून माथा गाठला. माथ्यावरून ढगाशिवाय काहीच दिसले नाही. १८९६ पासून इथे छोटी आगगाडी येते, पण वारा फार झाला की ती शिखरापर्यंत नेत नाहीत, खालच्याच स्थानकावरून परत फिरवतात. रुळांवरून चालणारे इंजिनही ज्या वाऱ्यात माघारी फिरते, त्या वाऱ्यात आम्ही सुरीच्या पात्यावर असतो.

उतरताना खाणकामगारांची वाट धरली. एकोणिसाव्या शतकात तांब्याच्या खाणीसाठी हा रस्ता झाला, लिदाऊ तलावावरून दगडी बांधही घातला गेला. तलावाकाठी खाणीच्या जुन्या इमारतीच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. त्या भिंतींच्या आडोशाला आम्ही थांबलो. तलावाच्या पाण्याने वुझू केला, बोटे बधिर झाली. फोनवर किब्ला पाहिला. आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढणाऱ्या आम्हाला तिथे आग्नेयेकडे वळावे लागले. प्रवासात होतो, म्हणून जोहर आणि असर एकत्र, कसर करून पढायची होती. भाचा अजून रुसलेलाच. आम्ही म्हणालो, "बेटा, इमामत तू कर." तो गोंधळला, मग पुढे उभा राहिला. मागे आम्ही आणि आमच्या मागे भाची. वाऱ्यात त्याची तकबीर मात्र स्पष्ट ऐकू आली.

सलाम फिरवल्यावर खिम्याच्या चपात्या सोडल्या. तेव्हा आम्हाला राहवले नाही. म्हणालो, "एक गोष्ट सांगायची आहे. वर खिंडीत फक्त हिलाच भीती वाटली नव्हती. मलाही वाटली होती, हिच्यापेक्षा जास्त. ही खरं बोलली आणि मी हिच्या मागे लपलो. बेटी, मला माफ कर."

भाची काही बोलली नाही. तिने एक खजूर आमच्या हातावर ठेवला. भाचा बराच वेळ तलावाकडे बघत होता. मग म्हणाला, "मामू, ती धार मीपण कधी केलेली नाही. व्हिडिओ पाहिलेत फक्त."

आम्ही हादरलो. आपांचे दारातले शब्द कानात घुमले. तिघांपैकी एकालाही त्या वाटेचा अनुभव नव्हता, आणि तिघांपैकी फक्त एकीने तोंड उघडले होते. ती बोलली नसती तर दोन पुरुष एकमेकांना दाखवण्यासाठी ढगात शिरले असते.

गाडीपाशी आलो तेव्हा बचाव पथकाची माणसे दोर आणि स्ट्रेचर घेऊन वर निघाली होती. कोणीतरी धारेवर अडकले होते. हे सारे स्वयंसेवक असतात. नोकरी-धंदा सोडून धावत येतात, मोबदला घेत नाहीत. तिथल्या एकट्या लानबेरिस पथकाला वर्षाकाठी दोनशेहून जास्त वेळा बोलावणे येते. आम्ही तिघांनी हात उचलून दुआ केली, वर अडकलेल्यासाठी आणि वर जाणाऱ्यांसाठीही.

वाचकहो, तो कंगोरा चढूच नये असे आमचे म्हणणे नाही. कोरड्या, शांत दिवशी, जाणत्या माणसाबरोबर हजारो लोक तो पार करतात. भाचाही आता रीतसर प्रशिक्षण घेणार आहे, इन्शाअल्लाह एक दिवस तो धारेवर जाईल. उंट आधी बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा ही शिकवण आपल्या घरातल्या लहान पोरालाही पाठ असते. डोंगरावर उंट बांधणे म्हणजे हवामान पाहणे, वाट माहीत असणे, योग्य बूट-कपडे असणे, आणि परत फिरण्याची वेळ घरातून निघतानाच ठरवणे. आपली मुलेही आता पावसाळ्यात सह्याद्रीत जातात, मोबाईलवर पाहून अनोळखी कड्यांवर चढतात. त्यांना निघताना डबा द्या, दुआ द्या, आणि एक वाक्य बोलायची मुभाही द्या, "मला भीती वाटते." ते वाक्य ऐकून घरात कोणी हसत असेल, तर मूल ते डोंगरावरही बोलणार नाही.

रात्री घरी पोहोचलो तेव्हा आपांनी विचारले, "कसा झाला डोंगर?" भाचा म्हणाला, "अम्मी, आज हिने आम्हाला सांभाळून आणलं."

भाचीने हिजाब सोडत एवढेच विचारले, "चहा आहे का?"