शिकारी रायफलचा सायलेन्सर : खुन्याचं हत्यार की कानाची ढाल?

"भाऊजी, तुम्ही डॉक्टर असून त्यांना असलं सांगता?"

या जानेवारीत आमच्याकडे जेवताना वहिनींनी मला हा प्रश्न विचारला. मावसभाऊ तीस वर्षांपासून अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात आहे. तिथे कंपनीतल्या सहकाऱ्यांबरोबर तो हरणाच्या शिकारीला जाऊ लागला आणि त्यात रमला. आमच्या घराण्यात कोंबडी कापायलाही कोणी धजत नाही, त्यामुळे यावर पुष्कळ बोलून झालं आहे. मला स्वतःला शिकार आवडत नाही. पण हा लेख शिकारीबद्दल नाही, कानाबद्दल आहे.

तो भारतात आला तेव्हा त्याची श्रवणचाचणी करवून घेतली. आलेख पाहताच मी विचारलं, "तू उजव्या खांद्याला रायफल लावतोस ना?" तो चकित झाला. यात जादू काही नव्हती. उजव्या कानात ४००० हर्ट्झला खळगा होता, पण डाव्या कानात तो बराच खोल होता. उजव्या खांद्याला बट टेकवून मान वळवली की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला जातो. त्यामुळे बंदूकवाल्याचे दोन कान सारखे बिघडत नाहीत. वयोमानाच्या बहिरेपणात सहसा दोन्ही कान साधारण बरोबरीने जातात.

"यांना ऐकायचं नसलं की ऐकू येत नाही," असं वहिनी गेली पाच वर्षं म्हणत होत्या. त्याला आवाज येतो, शब्द कळत नाहीत. 'स', 'श', 'फ' ही अक्षरं उंच पट्टीतली, आणि नेमकी तीच पट्टी गेलेली. डाव्या कानाला फोन लावला तर नातीचं बोलणं म्हणजे त्याला नुसता गलका वाटतो. शिवाय रात्री कानात रातकिडे ओरडतात ते वेगळंच.

मी त्याला सांगितलं, की उरलेलं ऐकणं टिकवायचं असेल तर शिकार सोड. सोडणार नसशील तर कानावर मफ लाव, आणि मफच्या जोडीला रायफलला सप्रेसर बसव. हे ऐकूनच वहिनींनी वर दिलेला प्रश्न केला. सप्रेसर म्हणजे सायलेन्सर, आणि सायलेन्सर म्हणजे सिनेमातला मारेकरी! पिस्तुलाला नळी फिरवून बसवायची, 'फुस्स' असा आवाज येतो आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ता लागत नाही. हे चित्र वहिनींच्याच नव्हे, अमेरिकेतल्या कित्येक खासदारांच्या डोक्यातही पक्कं बसलेलं आहे. आणि ते साफ खोटं आहे.

आधी आकडे पाहू. हरणाच्या शिकारीला वापरतात तशा रायफलचा बार उडवणाऱ्याच्या कानाशी साधारण १६० ते १७० डेसिबल भरतो. चांगला सप्रेसर त्यातले २० ते ३५ डेसिबल कमी करतो. म्हणजे उरतात १३५-१४०. आता हे आपल्या मापात आणू. आपल्याकडच्या नियमानुसार चार मीटरवर १४५ डेसिबलपेक्षा मोठा दणका देणाऱ्या फटाक्याला बंदी आहे. थोडक्यात, 'मुकी' केलेली रायफल म्हणजे कानाजवळ फुटलेला जवळपास सुतळी बॉम्बच. तिला सायलेन्सर हे नाव देणाऱ्याने विक्रीसाठी थाप मारली आणि तीच थाप पुढे त्या वस्तूच्या मुळावर आली.

हे नाव देणारा माणूसही मजेशीर. हायरम पर्सी मॅक्सिम याने १९०९ मध्ये याचं पेटंट घेतलं. याचे वडील म्हणजे मॅक्सिम मशीनगनचे जनक. बंदुकांच्या दणक्यात आयुष्य घालवल्यामुळे म्हातारपणी त्यांना जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. बापाने तोफ बनवली आणि मुलाने तिचा दणका कमी करायची नळी! त्याच तत्त्वावर त्याने मोटारींच्या धुराड्यांसाठीही आवाज कमी करणारी साधनं केली.

आता गंमत बघा. आपल्याकडे सायलेन्सर म्हटलं की कोणालाही मारेकरी आठवत नाही, बुलेट मोटारसायकल आठवते. एखाद्या पोराने तिचा सायलेन्सर बदलून फटफट आवाज काढला तर पोलीस त्यालाच धरतात आणि गल्लीतले म्हातारे पोलिसांना दुवा देतात. वाहनाला सायलेन्सर नसणं हा गुन्हा. मग ज्या यंत्राचा दणका वाहनापेक्षा कित्येक पटींनी घातक आहे, त्याला सायलेन्सर असणं हा संशयाचा विषय का व्हावा?

अमेरिकेत तो तसा झाला १९३४ मध्ये. टोळीयुद्धांच्या त्या काळात केंद्रीय कायदा आला आणि त्यात मशीनगनच्या रांगेत सायलेन्सरही बसवला गेला. नोंदणी सक्तीची झाली आणि कर लागला २०० डॉलर. त्या काळचे २०० डॉलर म्हणजे आजचे चार हजारांहून जास्त. हा कर नव्वद वर्षं तसाच राहिला. १ जानेवारी २०२६ पासून तो शून्यावर आला. नोंदणी, बोटांचे ठसे आणि चौकशी मात्र कायम आहे. आठ राज्यांत तर सामान्य माणसाने ही वस्तू बाळगायचीच नाही. याउलट नॉर्वे, फिनलंड, न्यूझीलंड या देशांत शिकाऱ्याच्या रायफलवर सप्रेसर ही रोजची गोष्ट आहे. जर्मनीनेही २०२० मध्ये परवानाधारक शिकाऱ्यांना तो मोकळा केला. हे देश बंदुकीच्या बाबतीत अमेरिकेपेक्षा कितीतरी कडक आहेत, हे लक्षात घ्या. बंदूक कोणाच्या हातात द्यायची याची चौकशी ते कसून करतात. एकदा ती दिल्यावर त्या माणसाने बहिरं व्हावं असा आग्रह धरत नाहीत.

कानाला नेमकं काय होतं ते थोडं सांगतो. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात प्रत्येक बाजूला सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. यंत्रमागाच्या खडखडाटासारखा सततचा आवाज त्यांना दमवतो आणि वर्षानुवर्षांनी मारतो. बंदुकीचा बार त्यांना दमवत बसत नाही, एका फटक्यात मोडतो. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक चिमुकला स्नायू आकसतो आणि दणका थोडा अडवतो, ही निसर्गाची सोय आहे. पण त्याला आकसायला सेकंदाचे काही शतांश लागतात आणि बार त्याच्या आत संपलेला असतो. म्हणजे पहारेकरी उठेपर्यंत चोर पसार! मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. कोंबडीच्या कानात उगवते, आपल्या नाही. गोळ्या, टॉनिकं, कानात घालायची तेलं, कशाचाही उपयोग नाही.

१४० डेसिबलच्या वरचा एक बारही कायमचं नुकसान करू शकतो, अशी ही रेषा आहे. आणि डेसिबलचा हिशेब वाण्याच्या हिशेबासारखा नसतो. ३० डेसिबल कमी म्हणजे आवाजाची तीव्रता हजार पटींनी कमी.

"मग मफ लावा की, नळी कशाला?" हा वहिनींचा दुसरा प्रश्न, आणि तो अगदी रास्त होता. उत्तर असं की शिकारी मफ लावत नाहीत. विस्कॉन्सिन राज्यातल्या एका गावात प्रौढ पुरुषांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. गेल्या वर्षभरात शिकार करताना कानाला एकदाही काही लावलं नाही असं सांगणारे शिकारी होते ९५ टक्के. निशाणाचा सराव करणाऱ्यांत हेच प्रमाण ३८ टक्के होतं. माझा भाऊही यातलाच. मैदानावर मफ आणि जंगलात उघडे कान, कारण पाचोळ्यात हरणाचं पाऊल ऐकू यायला हवं. हलके आवाज वाढवणारे आणि मोठे आवाज अडवणारे इलेक्ट्रॉनिक मफ मिळतात, ते उत्तम. पण थंडीत टोपी, चष्म्याची काडी आणि बटला टेकवलेला गाल, यातल्या एकाने जरी मफ थोडा उचलला गेला तरी अर्धा फायदा गेला.

इचलकरंजी भागातल्या यंत्रमाग कामगारांच्या कानांबद्दल आम्ही डॉक्टर मंडळी ओरडतो तेव्हा काय म्हणतो? आधी यंत्राचा आवाज कमी करा, मग कामगाराला कानबोळे द्या. आवाज जिथे जन्मतो तिथेच मारायचा, हे या शास्त्रातलं पहिलं सूत्र. मागाला लागू असलेलं सूत्र रायफलला लागू नाही असं म्हणायला काही वैद्यकीय कारण नाही. शिवाय बरोबर असलेल्या मुलाला, सोबत्याला, आणि ज्याला मफ लावता येत नाही त्या कुत्र्यालाही त्याचा फायदा मिळतो.

बोल्ट-ॲक्शन रायफल यासाठी सर्वांत योग्य. प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका ओढून पुढची गोळी भरायची, अशी ही रायफल. बार होताना तिचा मागचा दरवाजा घट्ट बंद असतो, त्यामुळे सगळा तप्त वायू नळीतून पुढेच जातो आणि सप्रेसरच्या कप्प्याकप्प्यांत फिरत थंड होतो. आपोआप भरणाऱ्या रायफलीत वायूचा काही भाग मागे, थेट तोंडाशी येतो. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी आपोआप भरणारी रायफल चालत नाही, त्यामुळे भावाची रायफल बोल्टचीच आहे.

आणि एक गोष्ट तर मला संतापजनक वाटते. नळीच्या टोकाला बसवायचा मझल ब्रेक नावाचा तुकडा मिळतो. तो धक्का कमी करण्यासाठी वायू बाजूला आणि मागे फेकतो. त्यामुळे उडवणाऱ्याच्या आणि शेजारच्याच्या कानाशी आवाज आणखी वाढतो. या तुकड्याला केंद्रीय नोंदणी नाही, ठसे नाहीत, काही नाही. कान फोडणारी वस्तू सरळ दुकानातून उचला आणि कान वाचवणारीसाठी ठसे द्या!

विरोधकांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच इथे एका माणसाने बारा जणांना मारलं, त्याच्या पिस्तुलावर सप्रेसर होता. लोकांना बार ओळखू आले नाहीत तर पळायला उशीर होतो, ही भीती खरी आहे. म्हणून पिस्तुलाचा प्रश्न वेगळा ठेवा. नोंदणीही राहू द्या, माझी तक्रार नाही. पण शिकारी रायफलची गोळी सेकंदाला आठशे-नऊशे मीटर जाते, ध्वनीच्या अडीचपट वेगाने. ती हवा फाडत जाते तेव्हाचा कडाका कोणत्याही नळीने थांबत नाही. जंगलाचा पहारेकरी तो ऐकतोच. हातभर लांबीची, एका वेळी एक गोळी भरायची रायफल घेऊन कोणी चोरपावलांनी खून करायला निघत नाही.

आता विकणाऱ्यांकडे वळतो, कारण तेही कमी नाहीत. 'कानाला सुरक्षित' अशी जाहिरात करून ते ही नळी विकतात. १४० ही रेषा म्हणजे तिच्या खाली सगळं क्षेमकुशल आणि वर सगळं नरक, असं नसतं. १३८ डेसिबलचे वीस बार कानाला माफ होत नाहीत. नळी आखूड असेल, काडतूस जोरकस असेल, वर छप्पर असेल, तर आकडा रेषेच्या वर जातो. रक्तदाबाची गोळी सुरू केली म्हणून मीठ वाढवणाऱ्या रुग्णासारखा हा प्रकार आहे. सप्रेसर लावून मफ काढून ठेवणाऱ्याने एका हाताने मिळवलेलं दुसऱ्या हाताने घालवलं.

आपल्याकडे या वस्तूचा प्रश्न येत नाही. १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि सायलेन्सर सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. तरी अमेरिका, न्यूझीलंड इथल्या वाचकांची पत्रं येतात. त्यांच्यापैकी कोणी रायफल चालवत असेल तर दरवर्षी श्रवणचाचणी करावी, दोन्ही कानांचे आलेख वेगवेगळे मागून घ्यावेत. बारानंतर कान बंद झाल्यासारखा वाटला, गुणगुण सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशीही गेली नाही, तर कानाच्या तज्ज्ञाला त्याच आठवड्यात गाठावं. सुरुवातीच्या दिवसांत कधी कधी काही करता येतं, महिन्यानंतर नाही.

भावाने परत जाऊन अर्ज भरला आहे. डाव्या कानाला श्रवणयंत्रही घेतलं. परवा व्हिडिओ कॉलवर वहिनी म्हणाल्या, "नळी आली की मी आधी मैदानावर जाऊन स्वतः ऐकणार, मग ठरवू." मी त्यांना म्हटलं, जरूर जा, पण मफ लावून.