डोंगराला कान लावा



माझे मत असे आहे, की आपल्या रायगड जिल्ह्यात जिथे डोंगराखाली वस्ती आहे, तिथे डोंगराची थरथर मोजणारी यंत्रे बसवावीत. डोंगर थरथरतो म्हटल्यावर वर्गात पुष्कळ जण हसले. पण ते खरे आहे. आपल्या खांबवरून मुंबई-गोवा महामार्ग जातो. मोठा ट्रक गेला की रस्त्याकडच्या घरात मांडणीवरची भांडी वाजतात. तशीच आगगाडीने, वाऱ्याने, लांबच्या समुद्राच्या लाटांनीसुद्धा जमीन रात्रंदिवस बारीक हलत असते. आपल्याला कळत नाही, भूकंपमापक यंत्राला कळते.

याचा दरडीशी काय संबंध? कुंभाराकडे माठ घेताना आजी बोटाने टिचकी मारते. चांगला माठ खणखण वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. डोंगराला टिचकी कोण मारणार? वारा आणि ट्रक मारतातच की! कड्याचा सुटू पाहणारा भाग आपल्या ठरावीक गतीने झुलत असतो. मागची भेग वाढली की पकड सैल होते आणि तो सावकाश झुलू लागतो. फ्रान्स देशात 2007 साली चुनखडीचा एक मोठा सुळका पडला. त्यावर यंत्र होते. आधी तो सेकंदाला तीनाहून जास्त वेळा झुलत होता, पडण्यापूर्वी तीनाहून कमी वेळा झुलू लागला.

कोणी म्हणेल, आपल्याकडे तर माती आणि चिखलच जास्त खाली येतो. त्यालाही उपाय आहे. दोन यंत्रे लांब लांब ठेवून थरथर मातीतून किती वेगाने जाते ते मोजायचे. स्वित्झर्लंडमध्ये 2010 साली मातीचा उतार घसरला, त्याच्या काही दिवस आधी हा वेग शंभरात सात इतका कमी झाला होता.

आपल्याकडे असे कोणी ऐकले नाही. 30 जुलै 2014 ला माळीण गेले, दीडशेच्या वर माणसे. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातले तळिये, ऐंशीच्या वर. 19 जुलै 2023 ला रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. तिथे 27 जणांचे मृतदेह मिळाले आणि 57 जण सापडलेच नाहीत. त्यात आपल्याएवढी मुलेही होती. इर्शाळवाडी धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हती. म्हणून मला नुसत्या यादीचा भरवसा वाटत नाही.

मोठी माणसे म्हणतात, यंत्र महाग असते, बिघडते, उगाच ओरडते. उगाच ओरडले तर काय होईल? सगळ्यांना एक रात्र शाळेत झोपावे लागेल. मला तर ते आवडेल! पण एक अडचण खरी आहे. ऊन, थंडी आणि पाऊस यांनीही डोंगराचे झुलणे थोडे बदलते. त्याची रोजची सवय माहीत झाल्याशिवाय बिघाड ओळखता येत नाही. त्यासाठी एकदोन पावसाळे मोजत बसावे लागेल. म्हणून आत्ताच सुरुवात करायला हवी, दरड पडल्यावर नको. कोयनेला भूकंपासाठी यंत्रे आहेतच, म्हणजे हे काम जाणणारी माणसे आपल्या राज्यात आहेत.

आणि भोंगा वाडीतच हवा, तालुक्याच्या कचेरीत नको. इर्शाळवाडीला वर जायला गाडीरस्ता नव्हता. मदत करणारे लोक पावसात चिखल तुडवत, चालत वर चढले.

— इयत्ता चौथी