धागा : स्प्रिंगा बदलल्यावर कोणती उंची ‘मूळ’ मानायची?

१/ जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या स्प्रिंगा बदलणे हे गॅरेजचे काम आहे. परंतु त्या बदलल्यानंतर गाडी जमिनीपासून किती उंच उभी राहावी, हा प्रश्न इतिहासाचाही आहे. ‘एमजीबी’ या ब्रिटिश गाडीच्या आधारे त्याविषयीचे माझे मत या धाग्यात मांडत आहे.

२/ एमजीबी १९६२ साली बाजारात आली आणि इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९८० पर्यंत बनत राहिली. एकूण पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिची सर्वांत मोठी बाजारपेठ होती अमेरिका. पहिली बारा वर्षे ती क्रोमच्या बंपरची, जमिनीलगत धावणारी गाडी होती.

३/ अमेरिकेत १९६६ साली वाहनसुरक्षेचा संघीय कायदा झाला. त्याखाली १९७०च्या दशकात बंपरविषयक नियम आले. ताशी सुमारे ८ किलोमीटर वेगाच्या समोरील धडकेत दिवे व इतर सुरक्षासाधने शाबूत राहिली पाहिजेत, ही त्यांतील एक अट. बंपरची चाचणी जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात होत असे. ठेंगण्या गाड्यांची अडचण झाली ती येथे.

४/ संपूर्ण गाडी नव्याने आखण्याइतका पैसा ब्रिटिश लेलँडकडे नव्हता; १९७५ साली तर ही कंपनी सरकारलाच ताब्यात घ्यावी लागली. त्यामुळे १९७४च्या उत्तरार्धात सोपा मार्ग निवडण्यात आला : काळे, जाडजूड बंपर बसवले आणि सबंध गाडी सुमारे एक ते दीड इंच उचलली. वळणावर ती अधिक कलू लागली. कलणे रोखणाऱ्या दांड्या बसवून १९७६ साली हा दोष बराचसा कमी केला गेला. वाढलेली उंची मात्र अखेरपर्यंत कायम राहिली.

५/ आज १९७५ची एमजीबी दुरुस्तीस घेणारे अनेक जण पुढे आखूड स्प्रिंगा व मागे कमी बाकाचे पाटे घालून ती खाली आणतात, आणि ‘गाडी मूळ रूपात आणली’ असे म्हणतात. माझा आक्षेप गाडी खाली आणण्याला नाही. खाली आणलेली गाडी वळणावर अधिक स्थिर राहते, हे खरेच आहे. आक्षेप आहे तो ‘मूळ’ या शब्दाला. त्या विशिष्ट गाडीचे मूळ रूप उंचच होते.

६/ येथे आणखी एक फसगत संभवते. पन्नास वर्षांची स्प्रिंग बसलेली असते, आणि तिच्यावरील गाडीची उंची आपल्या डोळ्यांना ‘मूळ’ वाटू लागते. नवी स्प्रिंग घालताच गाडी भलतीच उंच दिसते, आणि कोणीतरी घाईने स्प्रिंगचे वेटोळे कापतो. कापलेली स्प्रिंग केवळ आखूड होत नाही, ती अधिक कडकही होते. शिवाय तो बदल उलटवता येत नाही.

७/ म्हणून निष्कर्षाआधी साधनांची छाननी हवी. गाडी जॅकवर असताना रबरी बुशचे बोल्ट आवळले, तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि गाडीला वर धरून ठेवतात. ते बोल्ट चाकांवर पूर्ण भार आल्यानंतरच आवळावेत. काही अंतर गाडी चालवून स्प्रिंगा बसू द्याव्यात. मग सपाट जागी, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी मोजावे. असे मोजल्यास टायरच्या आकाराने वा हवेने फरक पडत नाही.

८/ पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा संहितेतून वगळलेले पाठ फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत जपले. निवड केली, पण निवडीचा पुरावाही ठेवला. जुन्या वाहनांबाबत ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्यूरिन सनदही हाच आग्रह धरते : केलेल्या बदलांची नोंद ठेवा.

९/ गाडी खाली आणायची असेल तर खुशाल आणावी. मात्र आधीची चारही मापे लिहून ठेवावीत, काढलेल्या स्प्रिंगा व पाटे चिठ्ठी लावून जपावेत आणि विकताना ‘उंची बदललेली आहे’ असे स्पष्ट सांगावे. खर्च जवळजवळ काहीच नाही.

१०/ तो वाढीव इंच-दीड इंच कुरूप असेल. पण अमेरिकी कायदा, ब्रिटिश उद्योगाची ओढाताण आणि निर्यातीवरचे अवलंबित्व या तिन्हींचा तो पुरावा आहे. गैरसोयीचा पुरावा पुसून केवळ देखणा काळ शिल्लक ठेवणे याला जीर्णोद्धार म्हणता येणार नाही. आपले मत वेगळे असल्यास अवश्य लिहा.